काळ्या दारूचे रिव्हॉल्व्हर: कमरेचे शस्त्र आणि कागदावरची व्याख्या

ज्या रिव्हॉल्व्हरमध्ये तयार काडतूस बसत नाही, ज्याच्या प्रत्येक घरात काळी दारू सुटी ओतून, तिच्यावर शिशाची गोळी ठासून आणि मागच्या टोकावर तांब्याची टोपी चढवूनच बार भरावा लागतो, ते रिव्हॉल्व्हर अमेरिकेत १८३६ नंतरची तीन-साडेतीन दशके स्वतःच्या जिवाच्या रक्षणासाठी बाळगले जात होते. काडतुसे आल्यावर ते अडगळीत गेले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र त्याच्या हुबेहूब प्रतिकृती पुन्हा बनू लागल्या, आणि इतिहासाची आवड असणाऱ्यांबरोबरच काही माणसांनी त्या स्वसंरक्षणासाठी कमरेला लावल्या. एखादे यंत्र जुने झाल्यावर शंभर वर्षांनी पुन्हा त्याच कामासाठी हाती घेतले जावे, असे यंत्रांच्या इतिहासात क्वचितच घडते. या घटनेचे कारण पोलाद आणि दारू यांत शोधू गेल्यास ते सापडत नाही. ते पेटंटच्या अर्जांत, राज्यांच्या अधिनियमांत आणि न्यायालयांच्या निवाड्यांत सापडते. हे रिव्हॉल्व्हर कोणी बाळगावे, कोणत्या आकाराचे बाळगावे आणि त्याला शस्त्र म्हणावे की नाही, हे प्रत्येक टप्प्यावर कागदाने ठरवले, असे या इतिहासाकडे पाहताना म्हणावे लागते.

रिव्हॉल्व्हर म्हणजे फिरत्या सिलिंडरचे पिस्तूल. एकाच नळीमागे पाच किंवा सहा घरांचे सिलिंडर बसवायचे आणि घोडा मागे ओढला की पुढचे घर नळीसमोर येऊन अडकावे, ही मूळ कल्पना सॅम्युएल कोल्टची नव्हती. एलिशा कॉलिअर या अमेरिकी माणसाने १८१८ मध्ये इंग्लंडमध्ये चकमकीच्या गारेवर चालणाऱ्या फिरत्या सिलिंडरच्या शस्त्राचे पेटंट घेतले होते. कोल्टचा जन्म १८१४ मध्ये कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्ड येथे झाला, आणि १८३० मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, तो कॉर्व्हो नावाच्या जहाजावर खलाशी म्हणून कलकत्त्याच्या सफरीवर निघाला. या सफरीत जहाजावरील फिरत्या यंत्राकडे पाहून आपल्याला कल्पना सुचली आणि आपण तिचा लाकडी नमुना कोरला, असे तो पुढे सांगत असे. कॉलिअरची शस्त्रे भारतातील ब्रिटिश फौजेकडे होती, त्यामुळे त्याने ती पाहिली असावीत असाही तर्क केला जातो. त्याचे खरे योगदान अधिक नेमके होते. घोडा ओढण्याच्या क्रियेला सिलिंडरचे फिरणे आणि घट्ट अडकणे जोडून देणारी यंत्रणा त्याने विश्वासार्ह केली, आणि तिला त्या काळी नव्याने रुळलेल्या टोपीची जोड दिली. टोपी म्हणजे आत स्फोटक क्षाराचा पातळ थर असलेली तांब्याची बोटाच्या पेराहूनही लहान वाटी. घोडा तिच्यावर आदळला की ठिणगी उडून दारूपर्यंत पोहोचते. कोकणात आजही शेतीच्या संरक्षणासाठी परवान्यावर ठेवल्या जाणाऱ्या ठासणीच्या बंदुका ज्या वाचकांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे तत्त्व वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. कोल्टचे पिस्तूल म्हणजे त्याच ठासणीचे पाच-सहा बार एका मुठीमागे एकत्र आणणारे यंत्र होते.

कोल्टने १८३५ मध्ये इंग्लंडमध्ये आणि २५ फेब्रुवारी १८३६ रोजी अमेरिकेत पेटंट मिळवले आणि न्यू जर्सीतील पॅटरसन येथे कारखाना काढला. १८४२ मध्ये तो बुडाला. पाच बारांची ही पिस्तुले थोडीच विकली गेली होती, परंतु त्यांपैकी काही टेक्सासच्या प्रजासत्ताकाने आपल्या आरमारासाठी घेतली होती, आणि तेथून ती टेक्सास रेंजर्स या सीमेवरील घोडदळाच्या हाती आली. ८ जून १८४४ रोजी वॉकर्स क्रीक येथे जॉन कॉफी हेज याच्या हाताखालच्या सुमारे १५ रेंजर्सनी संख्येने कितीतरी अधिक असलेल्या कोमांची स्वारांना या पिस्तुलांच्या बळावर घोड्यावरून लढत हटवले. तोपर्यंत एकबारी बंदूक भरण्यास जो वेळ लागे, तेवढ्या वेळात कोमांची धनुर्धर कितीतरी बाण सोडू शकत असे, आणि हे समीकरण त्या दिवशी उलटले. ज्या भूमीवर ही लढाई झाली ती कोमांची लोकांच्या ताब्यातली होती, ही गोष्ट विसरता येत नाही. रेंजर्सच्या बाजूने ज्याला स्वसंरक्षण म्हटले गेले, त्याच शस्त्रामुळे एका समाजाचे स्वसंरक्षण अशक्य झाले. या चकमकीत असलेल्या सॅम्युएल वॉकरने पुढे कोल्टशी पत्रव्यवहार करून मेक्सिकोच्या युद्धासाठी मोठे पिस्तूल सुचवले. १८४७ मध्ये एली व्हिटनी धाकटा याच्या कारखान्यात तयार झालेले हे वॉकर पिस्तूल दोन किलोहून अधिक वजनाचे होते, ते खोगिराला लटकवण्यासाठीच होते, आणि त्याच्या सिलिंडरवर वॉकर्स क्रीकच्या लढाईचे चित्र कोरलेले होते.

खोगिरावरून हे शस्त्र खिशात आले ते सोन्याच्या शोधामुळे. १८४८ मध्ये कॅलिफोर्नियात सोने सापडले, पुढच्या वर्षापासून पूर्वेकडचे हजारो लोक, ज्यांनी आयुष्यात कधी शस्त्र धरले नव्हते, असे कारकून, दुकानदार, सुतार तिकडे निघाले, आणि कोल्टने त्यांच्यासाठी १८४९चे खिशातले रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. गोळीचा व्यास ०.३१ इंच, घरे बहुधा पाच, नळी लहान. १८५० ते १८७३ या काळात ही पिस्तुले सव्वातीन लाखांच्या आसपास बनली, आणि कोल्टच्या काळ्या दारूच्या सर्व नमुन्यांत हाच नमुना सर्वांत जास्त खपला. सैन्याने वापरलेल्या मोठ्या पिस्तुलांवर पुस्तकांची कपाटे भरली आहेत, पण सामान्य माणसाच्या हाती खरोखर आले ते हे लहान, दुबळे, कोटाच्या आत मावणारे शस्त्र होते. ते हातात घेऊन सिलिंडर बोटांनी हळूहळू फिरवले, तर झिजलेल्या पोलादावर डब्ल्यू. एल. ऑर्म्सबी या कोरीव कारागिराने केलेले चित्र उमटलेले दिसते: घोडागाडी अडवली गेली आहे, दरोडेखोर समोर आहेत आणि प्रवासी प्रतिकार करीत आहेत. ज्या भीतीसाठी माणूस हे पिस्तूल विकत घेत होता, तीच भीती त्याच्या सिलिंडरभोवती चित्ररूपाने गुंडाळून विकण्याची ही कल्पना व्यापाराच्या इतिहासात वेगळी उठून दिसते. १८५१च्या ०.३६ इंची पिस्तुलावर मात्र टेक्सास आणि मेक्सिको यांच्या आरमारांमधील १६ मे १८४३च्या लढाईचे चित्र होते, आणि त्यामुळेच त्याला नेव्ही हे नाव पडले; प्रत्यक्षात ते जमिनीवरच जास्त वापरले गेले. त्याचे वजन सुमारे १२०० ग्रॅम, नळी साडेसात इंच, आणि हार्टफर्ड येथे त्याच्या दोन लाखांहून अधिक प्रती निघाल्या.

असे रिव्हॉल्व्हर बाळगणे म्हणजे काय होते, हे समजण्यासाठी ते भरण्याची रीत डोळ्यांसमोर आणावी लागते. घोडा अर्धा ओढला की सिलिंडर मोकळे फिरू लागते. मग चपट्या दारूदाणीच्या मापाच्या तोटीतून मोजकी दारू एका घरात ओतायची, त्यावर घराच्या तोंडाहून केसभर मोठी गोळी ठेवायची, घर नळीखालच्या ठासणीच्या दांड्यासमोर आणून दांडा दाबायचा. गोळी आत घट्ट बसताना तिच्या कडेचे शिसे एका बारीक कड्याच्या रूपाने कापून निघते, आणि हे कडे अखंड निघाले तर गोळी नीट बसली असे समजले जाई. सर्व घरे भरल्यावर गोळ्यांच्या तोंडाशी चरबी लावत, म्हणजे एका घराची ठिणगी शेजारच्या घरात शिरून सगळे बार एकदम उडण्याचा धोका कमी होई आणि दारूचा काजळीचा थरही थोडा मऊ राही. शेवटी प्रत्येक घराच्या मागे टोपी चिमटीने बसवायची. निवांत बसून हे करायला काही मिनिटे लागतात, आणि झटापटीत ते शक्यच नसते. म्हणूनच हे सहा बारांचे शस्त्र प्रत्यक्षात एकदाच भरलेल्या पाच-सहा बारांचे शस्त्र होते. घोडा टोपीवर टेकून ठेवला तर पडल्या-आपटल्याने बार उडे, म्हणून कोल्टच्या पिस्तुलात घरांच्या मधोमध बारीक खुंट्या ठेवलेल्या होत्या, पण त्या झिजत, आणि सावध माणसे घोड्याखाली रिकामे घर ठेवून पाचच बार भरत. कागदात किंवा पातळ कातड्यात दारू-गोळी एकत्र बांधलेले बारही पुढे मिळू लागले. त्यांनी ओतण्याचा वेळ वाचला, पण टोपी बसवण्याचे काम तसेच राहिले.

काळ्या दारूचे स्वरूपही येथे थोडे सांगितले पाहिजे. सोरा सुमारे ७५ टक्के, कोळसा १५ टक्के आणि गंधक १० टक्के असे तिचे प्रमाण असते. पेटल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग घन काजळीच्या रूपात मागे राहतो, ही काजळी हवेतील ओल शोषून घेते, आणि त्याच दिवशी कढत पाण्याने न धुतल्यास पोलाद गंजू लागते. दोन-तीन फेऱ्यांनंतर सिलिंडर जड फिरू लागे, आणि फुटलेल्या टोपीचा तांब्याचा तुकडा घोडा आणि चौकट यांच्या फटीत पडून यंत्रणा अडकणे ही नित्याची अडचण होती. सर्वांत अवघड अडचण भरलेला बार परत काढण्याची होती. काडतूस उलटे काढता येते, ठासलेली गोळी काढता येत नाही, ती उडवावीच लागते. दमट हवेत दोन-चार दिवस ठेवलेला बार पेटेलच याची खात्री नसे, म्हणून ज्यांचे आयुष्य शस्त्रावर अवलंबून होते ते वेळोवेळी सारे बार उडवून, पिस्तूल धुऊन, नव्याने भरत. हस्तिदंती मुठींची दोन नेव्ही पिस्तुले बाळगणारा वाइल्ड बिल हिकॉक हे रोज करीत असे, असे सांगितले जाते. २१ जुलै १८६५ रोजी मिझुरी राज्यातील स्प्रिंगफील्डच्या चौकात त्याने सुमारे ७५ यार्डांवरून डेव्हिस टट याला ठार केले. खटल्यात त्याची सुटका झाली, कारण पंचांनी ते कृत्य स्वसंरक्षण म्हणून मान्य केले.

या दारूतील सोऱ्याचा भारताशी प्रत्यक्ष संबंध आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगाच्या बाजारातील उत्तम सोऱ्याचा मोठा भाग बिहारमधून येत असे, आणि गावांच्या जुन्या भिंती, गोठे, जनावरांच्या मुतारीची माती खरवडून, तिचे पाणी गाळून व आटवून तो काढणाऱ्या जातीला नुनिया म्हणत. १८६१ मध्ये यादवी युद्ध सुरू झाल्यावर अमेरिकी सरकारने दारूच्या व्यवसायातील लामोट द्यू पाँ याला लंडनला पाठवून हाच भारतीय सोरा मोठ्या प्रमाणावर खरीदला, परंतु ट्रेंट या ब्रिटिश जहाजाच्या प्रकरणावरून अमेरिका आणि ब्रिटन यांच्यात तणाव निर्माण झाल्याने ब्रिटिश सरकारने तो अडवला, आणि वाद मिटल्यावरच तो सुटला. हार्टफर्डच्या कारखान्यातल्या पिस्तुलाच्या घरात जाणारी दारू पाटण्याच्या आसपासच्या मातीशी कशी बांधलेली होती, हे या प्रकरणावरून दिसते.

त्या काळात ब्रिटनमध्येही रिव्हॉल्व्हर आले. १८५१च्या लंडनच्या महाप्रदर्शनात कोल्टने आपली पिस्तुले मांडली, १८५३ मध्ये लंडनमध्ये कारखाना काढला आणि तो काही वर्षांतच बंद केला. त्याचा प्रतिस्पर्धी रॉबर्ट ॲडम्स याचे पिस्तूल एकाच चापाने चालत असे, घोडा वेगळा ओढावा लागत नसे. १८५७च्या उठावात अनेक इंग्रज अधिकारी यांपैकी एखादे पिस्तूल स्वखर्चाने घेऊन फिरत होते. उठावानंतर मात्र हिंदी प्रजेच्या शस्त्रांवर परवान्याची बंधने आली, आणि १८७८च्या शस्त्र कायद्याने ती पक्की केली. अमेरिकेत जे पिस्तूल दुकानातून घेता येत होते, तेच हिंदुस्थानात परवान्याशिवाय बाळगणे गुन्हा ठरले.

अमेरिकेतही बाळगण्याचे स्वातंत्र्य सर्वांना सारखे नव्हते, आणि या इतिहासाचा हा भाग सर्वांत गंभीर आहे. लपवून शस्त्र बाळगण्यास बंदी करणारे पहिले कायदे केंटकी आणि लुइझियाना या राज्यांनी १८१३ मध्ये, म्हणजे रिव्हॉल्व्हरच्या बऱ्याच आधी केले. केंटकीच्या न्यायालयाने १८२२ मध्ये तो कायदा घटनाबाह्य ठरवला. जॉर्जियाच्या १८३७च्या कायद्याबाबत तेथील सर्वोच्च न्यायालयाने १८४६ मध्ये असा निवाडा दिला की लपवून बाळगण्यावर बंदी चालेल, उघडपणे बाळगण्यावर चालणार नाही. उघड आणि लपवलेले यांतील हा भेद एकोणिसाव्या शतकाच्या नैतिक समजुतीवर उभा होता: उघडपणे कमरेला पिस्तूल लावणारा माणूस प्रामाणिक, आणि कोटाखाली दडवणारा मारेकरी, अशी ती समजूत होती. मात्र १८४९चे खिशातले पिस्तूल लपवण्यासाठीच बनलेले होते, त्यामुळे जे शस्त्र सर्वांत जास्त विकले जात होते तेच अनेक राज्यांत बाळगणे गुन्हा होता. कायदा आणि बाजार यांच्यातील ही फट पुढेही बुजली नाही.

गुलामगिरीच्या संदर्भात हा प्रश्न फार वेगळ्या तीव्रतेने पुढे येतो. १८५० मध्ये पळून गेलेल्या गुलामांना परत धरून देण्याचा संघीय कायदा झाला आणि उत्तरेतील मुक्त कृष्णवर्णीयांनाही कोणत्याही दिवशी पकडून नेले जाण्याची भीती वाटू लागली. फ्रेडरिक डग्लस यांनी १८५४ मध्ये आपल्या वृत्तपत्रात या कायद्यावरील खरा उपाय म्हणून रिव्हॉल्व्हरचाच उल्लेख केला. ज्याने स्वतः गुलामगिरीतून सुटका करून घेतली होती त्याच्या लेखणीतून हे आले, म्हणून त्याचे वजन वेगळे आहे. याउलट दक्षिणेत याच शस्त्राचे उत्पादन गुलामांच्या श्रमांवर झाले. जॉर्जियातील ग्रिझवोल्डव्हिल येथे ग्रिझवोल्ड आणि गनिसन यांच्या कारखान्यात यादवी युद्धाच्या काळात कोल्टच्या नेव्हीची नक्कल बनत असे. लोखंडाच्या टंचाईमुळे तिची चौकट पितळेची होती, कामगारांपैकी बहुतांश गुलाम होते, आणि सुमारे ३,७०० पिस्तुले बनल्यानंतर नोव्हेंबर १८६४ मध्ये उत्तरेच्या घोडदळाने तो कारखाना जाळला. ज्या माणसांना ते पिस्तूल हातात धरण्याची कायद्याने मनाई होती, त्यांच्याच हातांनी त्याची पितळी चौकट कानशीने घासून गुळगुळीत केली होती. युद्ध संपल्यावर मिसिसिपी राज्याने नोव्हेंबर १८६५ मध्ये मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना परवान्याशिवाय बंदूक-पिस्तूल बाळगण्यास मनाई करणारा कायदा केला, आणि तशाच प्रकारचे कायदे दक्षिणेत इतरत्रही झाले.

त्याच वर्षी उत्तरेच्या सैनिकांना घरी जाताना आपली शस्त्रे विकत घेण्याची मुभा मिळाली, आणि सरकारने रिव्हॉल्व्हरची किंमत आठ डॉलर ठरवली. कोल्टचे १८६०चे आर्मी आणि रेमिंग्टनचे भक्कम बंद चौकटीचे पिस्तूल, ज्याचे सिलिंडर चटकन काढून दुसरे भरलेले बसवता येत असे, अशी हजारो शस्त्रे या मार्गाने घराघरांत गेली. काडतुसाचे तंत्र तेव्हा उपलब्ध असूनही काळ्या दारूचे शस्त्र टिकले याला पेटंट कारणीभूत होते. रोलिन व्हाइटने ३ एप्रिल १८५५ रोजी आरपार भोके पाडलेल्या सिलिंडरचे पेटंट घेतले, स्मिथ आणि वेसन यांनी ते घेऊन १८५७ मध्ये काडतुसाचे छोटे रिव्हॉल्व्हर काढले, आणि इतर कारखान्यांना १८६९ पर्यंत त्यांच्या परवानगीशिवाय मागून काडतूस घालता येईल असे सिलिंडर कायदेशीरपणे बनवता आले नाही. पेटंटची मुदत वाढवण्याचे विधेयक काँग्रेसने मंजूर केले, पण राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी जानेवारी १८७० मध्ये ते नाकारले. जुनी पिस्तुले काडतुसासाठी बदलून देण्याचा धंदा त्यानंतर जोरात चालला, आणि १८७३ मध्ये कोल्टचे काडतुसाचे नवे सैनिकी पिस्तूल आले.

दारू-गोळीची पद्धत मागे पडली, तरी त्या पिस्तुलांची नावे कायद्यात राहिली. टेनेसीने १८७९ मध्ये आणि आर्कान्साने १८८१ मध्ये पिस्तुलांच्या विक्रीवर बंदी घातली, परंतु सैन्याच्या किंवा आरमाराच्या पद्धतीची पिस्तुले त्यातून वगळली, आणि तीही बाळगायची असल्यास उघडपणे, हातात धरून, अशी अट घातली. कारण न्यायालयांनी असे ठरवले होते की घटनेने रक्षिलेले शस्त्र म्हणजे सैनिकाला उपयोगी पडणारे शस्त्र. यात महाग, जड पिस्तुले कायदेशीर झाली, आणि स्वस्त खिशातली पिस्तुले, जी गरीब माणसाला, विशेषतः दक्षिणेतील कृष्णवर्णीयाला, परवडत होती, ती बेकायदेशीर झाली. या कायद्यांचा हेतू वर्णभेदाचा होता की खुनांना आळा घालण्याचा, याविषयी इतिहासकारांत वाद आहे. परिणाम मात्र आठ डॉलरांचे जुने आर्मी ज्याच्या घरी होते त्याच्या बाजूचा झाला.

यानंतर जवळजवळ ऐंशी वर्षे काळ्या दारूचे रिव्हॉल्व्हर संग्राहकांच्या कपाटांत राहिले. यादवी युद्धाच्या शताब्दीची तयारी सुरू झाली तेव्हा, १९५०च्या दशकाच्या शेवटी, अमेरिकी व्यापारी व्हॅल फॉर्गेट याने कोल्टच्या १८५१ नेव्हीच्या प्रतिकृती इटलीत बनवून घेण्यास सुरुवात केली, आणि आपल्या कंपनीला त्यावरूनच नेव्ही आर्म्स हे नाव दिले. लोंबार्डीतील गार्दोने वाल त्रोम्पिया हे खोऱ्यातले गाव शस्त्रे घडवण्याच्या परंपरेसाठी शतकानुशतके प्रसिद्ध होते; आल्दो उबेर्ती याने १९५९ मध्ये तेथे आपला कारखाना काढला, पिएत्ता घराण्याचा कारखानाही याच परिसरात उभा राहिला, आणि आज जगात विकल्या जाणाऱ्या अशा प्रतिकृतींचा मोठा भाग याच टापूत बनतो. पितळी चौकटीची ग्रिझवोल्डची नक्कलही तेथे पुन्हा बनू लागली.

या प्रतिकृती खेळासाठी होत्या, त्यांना कमरेवर आणले ते १९६८च्या कायद्याने. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची १९६३ मध्ये टपालाने मागवलेल्या रायफलने हत्या झाली, आणि त्या घटनेपासून सुरू झालेल्या चर्चेतून २२ ऑक्टोबर १९६८ रोजी बंदूक नियंत्रण कायदा झाला. त्यात राज्याबाहेरून टपालाने बंदुका मागवण्यास बंदी आली, आणि गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्यांना बंदूक बाळगण्याची मनाई झाली. त्याचबरोबर पुरातन बंदुका मात्र या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवल्या गेल्या. पुरातन म्हणजे १८९८ किंवा त्यापूर्वी बनलेली, अथवा तिची अशी प्रतिकृती जिच्यात आजची तयार काडतुसे बसत नाहीत. संग्राहकांना आणि इतिहासाचे प्रयोग करणाऱ्यांना अडचण होऊ नये हा यामागचा विचार होता. त्यातून असे घडले की इटलीत गेल्या वर्षी बनलेले, भरले तर १८५१ इतकेच जीव घेऊ शकणारे रिव्हॉल्व्हर संघीय कायद्याच्या दृष्टीने बंदूकच राहिले नाही, आणि बहुतेक राज्यांत ते टपालाने थेट घरी येऊ लागले. काही माणसे परवान्याची वाट पाहणे नको म्हणून, काही परवाना मिळणार नाही म्हणून, आणि काही केवळ जुन्या शस्त्रावरील प्रेमामुळे ते स्वसंरक्षणासाठी वापरू लागली.

व्याख्या मात्र देशागणिक बदलते, आणि या बदलांतून प्रत्येक कायदा नेमके कशाला घाबरतो हे कळते. प्रतिकृती जेथे बनतात त्या इटलीत एकबारी ठासणीच्या प्रतिकृती २००१ पासून मुक्त झाल्या, पण सहाबारी रिव्हॉल्व्हरला तेथे आजही परवाना लागतो. त्या कायद्याची भीती बारांच्या संख्येची आहे. पोलंडमध्ये १८८५ पूर्वी बनलेल्या, दारू-गोळी वेगळी भरण्याच्या शस्त्रांना व त्यांच्या प्रतिकृतींना परवाना लागत नाही, आणि म्हणून तेथेही काळ्या दारूच्या रिव्हॉल्व्हरने स्वतःचा बचाव करता येईल का, हा प्रश्न प्रत्यक्षात विचारला जातो. भारताचा १९५९चा शस्त्र कायदा जुन्या घाटाच्या किंवा पुरातन मूल्याच्या शस्त्राला सूट देतो, पण ते दुरुस्ती करूनही झाडता येणार नाही अशा अवस्थेत असेल तरच. भारतीय कायदा शस्त्र चालते का हे विचारतो, तर अमेरिकी संघीय कायदा ते कसे भरले जाते हे विचारतो. या एका फरकामुळे कोकणातल्या शेतकऱ्याची आजोबांच्या काळची ठासणीची बंदूक परवान्याच्या वहीत नोंदलेली असते, आणि टेनेसीतल्या माणसाची इटालियन प्रतिकृती खोक्यातून घरी येते.

अमेरिकेतही ही सूट खोक्यापुरतीच आहे, हे बाळगणाऱ्याला बहुधा पुढे कळते. अनेक राज्यांचे कायदे स्वतःची व्याख्या करतात, आणि त्यांत भरलेले रिव्हॉल्व्हर कमरेला लावले, विशेषतः कोटाखाली, की ते पिस्तूलच समजले जाते. दोषी ठरलेल्या व्यक्तीला संघीय कायद्याने दिलेली सूट राज्याचा कायदा देत नाही, असेही अनेकदा घडते. त्यामुळे एकच वस्तू कपाटात असताना पुरातन आणि रस्त्यावर असताना शस्त्र ठरते, आणि १८१३ मध्ये केंटकीत सुरू झालेला उघड आणि लपवलेले यांतील भेद येथे पुन्हा समोर येतो. बाळगणाऱ्याच्या नित्याच्या अडचणीही जुन्याच राहिल्या आहेत. दमट हवेपासून बचाव व्हावा म्हणून आजची माणसेही टोप्यांच्या कडांना मेण लावतात, घोड्याखालचे घर रिकामे ठेवतात, टोपीचा फुटका तुकडा यंत्रणेत पडू नये म्हणून घोडा ओढताना नळी वर करतात. काही दिवसांनी भरलेल्या बारांवरचा विश्वास उडाला की ते मोकळ्या जागी जाऊन पाचही बार उडवतात, सिलिंडर काढून कढत साबणाच्या पाण्यात बुडवतात, वाळवून तेल लावतात आणि पुन्हा पहिल्या घरात मापाने दारू ओततात.